स्क्रू आधी उलटा फिरवायचा

मोटरसायकल गल्लीत वळली तेव्हाच मालकिणीने ती ओळखली. बघितली नव्हती. तिची दाराकडे पाठ होती आणि पुढ्यात एका स्कूटरचं पोट उघडं पडलं होतं. पण नुसत्या खोकल्यावरून घरचं माणूस ओळखू यावं तसा तो आवाज ओळखू आला, आणि पाठोपाठ हेही कळलं की खोकला बरा नाही. डाव्या अंगाला तेल कमी आहे, चेन कोरडी वाजतेय.

तिने मान वळवली नाही. हातातला पाना फडक्याने पुसायला घेतला. पाना आधीच स्वच्छ होता.

गाडी दारात थांबली, बंद झाली. स्टँड लावल्याचा आवाज झाला. मग बूट वाजले. मग काहीच नाही.

"मालकीण," दारातून हाक आली. "एका गाडीला जागा आहे का?"

"गाडीला आहे," मालकीण स्कूटरशी बोलल्यासारखी म्हणाली. "गाडीवालीचं बघावं लागेल."

दारात तिची सून उभी होती. म्हणजे एके काळची. मालकिणीच्या एकुलत्या एका मुलाने बोटीवर नोकरी धरली, कुठल्याशा बंदरात दुसरा संसार थाटला आणि इकडचा मोडून टाकला. तेव्हा लोक कुजबुजायला लागले, की आता ही पोरगी या घरात कोण. मालकिणीने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ती त्याची बायको नसेल तर नसेल. माझी सून आहे." त्यानंतर कुणी विचारलं नाही. मुलाचं नाव घेणंही त्या दिवसापासून बंद झालं. अगदीच वेळ आली तर "तो बोटीवरचा" म्हणायचं, नि तेही औषध घेतल्यासारखं तोंड करून.

पोरगी राहिली. सासूच्या हाताखाली पाना धरायला शिकली आणि अशी शिकली की गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, धाकट्या बाई आहेत का. आपल्याला सोडून धाकटीला विचारतात याचा मालकिणीला राग यायचा आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच गोष्टीचं हसू यायचं. गॅरेज पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे सून तिला मालकीण म्हणायची, पलीकडे आई. एक पाऊल टाकलं की हाक बदलायची.

मग सुनेला दूरच्या शहरातल्या एका मोठ्या गॅरेजचं बोलावणं आलं. तिने विचारलं, "जाऊ का?" आता असं विचारणाऱ्या माणसाला "नको" ऐकायचं असतं, हे न कळण्याइतकी मालकीण खुळी नव्हती. पण नको जाऊस म्हणायचं ते कुठल्या नात्याने? आपल्याच पोटच्याने जिला सोडलं, तिला आपण कुठल्या तोंडाने धरून ठेवायची? शिवाय मालकिणीने जन्मात नाकावर माशी बसू दिली नव्हती. ती म्हणाली, "जा की. इथे कुणी बांधून ठेवलंय?"

पोरगी गेली. जाताना हीच मोटरसायकल घेऊन गेली. बोटीवरच्याने ती उकलून खोक्यांत भरून ठेवली होती आणि तशीच टाकून गेला होता. दोघी सासवासुनांनी एक अख्खा हिवाळा बसून ती जोडली, पहिल्या किकला सुरू झाली तेव्हा दोघींनी एकमेकींकडे न बघता हात पुसले होते. मालकिणीनेच किल्ली हातात दिली. "ने. बोटीवरच्याला दुचाकी काय करायची?"

नंतर फोन यायचे. पण बोलणं काय, तर क्लच घसरतोय, कार्ब्युरेटर तुंबतोय. जी पोरगी डोळे मिटून क्लच बसवते ती फोनवरून क्लचचं विचारायची, आणि मालकीणही पहिल्या स्क्रूपासून सांगत बसायची, सावकाश, मध्ये एखादी गोष्ट विसरल्यासारखं करून पुन्हा मागे जायची. फोन ठेवला की दर वेळी वाटायचं, मध्येच म्हणायला हवं होतं, "परत ये." दोनच शब्द. ते घशात असे अडकून बसले होते की आत जाईनात नि बाहेर येईनात.

आज ती समोर उभी होती. मालकिणीने मनाशी ठरवलं, आज म्हणायचं. जीभ झडली तरी चालेल.

"झालंय काय गाडीला?" ती म्हणाली.

"प्रायमरीतून तेल गळतंय. चेन सैल पडली होती, म्हणून झाकण काढून ताणून घेतली. परत लावताना स्क्रूचे आटे गेले."

"किती?"

"दोन."

"एक गेला असता तर मी समजून घेतलं असतं. दोन म्हणजे तू मन लावून केलंयस."

सून हसली. थकलेली होती. गाल आत गेले होते, का केस कापल्यामुळे तसे दिसत होते, कोण जाणे. मालकिणीने एवढं टिपलं आणि नजर गाडीवर नेली, कारण गाडीकडे कितीही वेळ बघत राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही.

या जुन्या जड गाड्यांच्या डाव्या अंगाला एक लांबट झाकण असतं. त्याच्या आत इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी चेन तेलात फिरते. तीच प्रायमरी. झाकण कडेकडेने स्क्रूंनी आवळलेलं असतं. स्क्रू पोलादाचे आणि भोकं ॲल्युमिनियमची, म्हणजे एक हट्टी आणि दुसरं मऊ. जरा जोर जास्त झाला की भोकातले आटे सोलून स्क्रूबरोबर बाहेर येतात. मग स्क्रू नुसता गोल फिरत राहतो, झाकण धड दाबलं जात नाही, आणि तेल वाट काढतं.

सुनेने खाली परात सरकवली, तेल सोडलं, स्क्रू काढायला घेतले. पहिला स्क्रू हातात आल्यावर ती थबकली आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीवर खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर पेन्सिलीने या झाकणाचा आकार काढलेला आणि कडेने भोकं पाडलेली. स्क्रू लांब-आखूड असतात, जो जिथून निघाला तो पुठ्ठ्यावर तिथेच खोचायचा, म्हणजे परत लावताना चूक होत नाही. हा पुठ्ठा त्या हिवाळ्यातला होता.

"अजून आहे?" सून म्हणाली. तिने तो खिळ्यावरून काढला, त्यावर बोट फिरवलं. "धूळ पण नाही."

"उंदीर पुसतात," मालकीण म्हणाली.

झाकण निघालं. मालकीण स्टुलावर बसली, गुडघ्यांनी कुरकुर केली ती कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून खोकली, आणि करंगळीचं नख त्या दोन भोकांतून फिरवलं. आतून गुळगुळीत. नख कुठेच अडकेना. दोन्ही ठिकाणी तोंडाशी एक तिरपी रेघ होती.

तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे नुसत्या जोराने गेलेले नाहीत. तिरके घुसलेत. कुणाकडून करून घेतलंस?"

"मीच केलं."

"तू? बोटांनी लावलेस का आधी?"

सून परातीतल्या तेलाकडे बघत राहिली. "नाही. सरळ पाना लावला."

मालकिणीने नख भोकातून काढलं आणि फडक्याला पुसलं. या गॅरेजात एक रीत होती, मालकिणीच्या नवऱ्याने, तो होता तेव्हा, घालून दिलेली. चहा घेऊन येता येता त्याच्या हाताकडे बघून मालकीण ती शिकली होती, शाळेत जाऊन नाही. कुठलाही स्क्रू भोकात ठेवला की आधी उलटा फिरवायचा. बोटांनी, हलकेच, घाई न करता. फिरवता फिरवता एका जागी तो किंचित खाली बसतो. बोटांना टक् असं जाणवतं. तिथे स्क्रूचा आटा भोकातल्या आट्याशी जुळतो. मग सुलटा फिरवायचा, तोही बोटांनीच. पाना अगदी शेवटी. ही रीत सुनेच्या इतकी अंगात मुरली होती की बरणीचं झाकणसुद्धा ती आधी उलटं फिरवायची.

"विसरले," सून म्हणाली.

"श्वास घ्यायला विसरतेस का कधी?"

"मन थाऱ्यावर नव्हतं त्या दिवशी."

"मन थाऱ्यावर नसलं की माणूस भांडी घासतो. इंजिनाला हात लावत नाही."

सून परात उगाचच इंचभर सरकवत राहिली. मालकिणीला कळलं की इथे काहीतरी आहे, पण लगेच खणत बसायचं नाही हेही कळलं. तिला वेळ हवा होता. आणि वेळ तर हातात नव्हता, कारण दुरुस्ती अशी अवघड नव्हती. भोक थोडं मोठं करायचं, टॅप फिरवून नवे आटे पाडायचे, त्यात पोलादी तारेची बारकी स्प्रिंग पिळून बसवायची. जुना स्क्रू मग त्या स्प्रिंगच्या वेढ्यांत बसतो, आणि पहिल्यापेक्षा घट्ट बसतो. दुपारभराचं काम. संध्याकाळी पोरगी गाडीला किक मारणार आणि जाणार.

"स्प्रिंगा असतील ना या मापाच्या?" सुनेने विचारलं.

"संपल्यात," मालकीण म्हणाली.

तिच्या तोंडून ते कसं निघालं तिचं तिलाच कळलं नाही. पण निघालं ते चांगलं ठासून निघालं.

"संपल्यात?"

"उद्या मागवते. आज दुकान बंद असतं."

सुनेने टेबलाच्या दुसऱ्या ड्रॉवरकडे बघितलं. तो ड्रॉवर तिनेच लावलेला होता. डावीकडे टॅप, उजवीकडे पत्र्याच्या डबीत स्प्रिंगा, मापावार. या घरात काय केव्हा संपतं आणि काय कधीच संपत नाही, हे तिला माहीत नसेल तर कुणाला?

"बरं," ती म्हणाली. "उद्या तर उद्या."

एवढ्यात शेजारचा लेथवाला आत आला. मालकिणीच्या नवऱ्याचा जुना दोस्त, कान तिखट आणि अक्कल बेताची. सुनेला बघून त्याचा चेहरा एकदम उजळला. "धाकटी आली वाटतं. मी म्हटलंच, हा आवाज आपल्या गाडीचा. काय, आटे गेले? अहो वहिनी, स्प्रिंगा नसल्या तर माझ्याकडे आहेत, ह्याच मापाच्या. आत्ता आणतो."

"तुमच्याकडे नाहीयेत," मालकीण म्हणाली.

"आहेत हो, परवाच..."

"भाऊजी, तुमच्याकडे नाहीयेत."

लेथवाल्याने मालकिणीकडे बघितलं, मग सुनेकडे, मग चष्मा काढून शर्टाला पुसला. "नाहीयेत," तो म्हणाला. "वय झालं, वहिनी. नसलेलं सगळं आहेसं वाटतं हल्ली." आणि जाता जाता सुनेच्या डोक्यावर टपली मारून गेला.

संध्याकाळी दोघी पडद्यापलीकडे गेल्या. मालकिणीने कान देऊन ऐकलं. "मालकीण, टॉवेल कुठे ठेवता आता?" सून म्हणाली. घरात उभी राहून तिने "मालकीण" म्हटलं. मालकिणीने पडदा उगाचच नीट ओढून घेतला. "जिथे होता तिथेच," तिने सांगितलं. सगळंच जिथल्या तिथे होतं. सुनेच्या खोलीतली गादी परवा उन्हात घालून झोडलेली होती, खिडकीची काच पुसलेली होती. सुनेने खोलीच्या दारात उभं राहून ते बघितलं.

"पाहुणे येत असतात," मालकीण म्हणाली. तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहुणा आला नव्हता.

जेवायला भात आणि तळलेली अंडी केली. सुनेला अंडं दोन्ही बाजूंनी भाजलेलं लागतं, पिवळं वाहायला नको, ते तसंच केलं आणि ताटात आपटलं, जणू चुकून झालं असावं. दोघी समोरासमोर बसल्या. मालकिणीने घसा साफ केला.

"काम वाढलंय फार," ती म्हणाली. "एक माणूस पाहिजे."

"मिळेल की."

"मिळतात. पायांवर उभी असतात, हातांचा पत्ता नसतो. मागचा एक होता, त्याने ब्रेकची केबल उलटी घातली नि मलाच विचारतो, गाडी थांबत का नाही."

सून हसली. मालकिणीला वाटलं, आता. हसतेय तोवर म्हणून टाकावं. तिने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

"मला एक सांगायचंय," दोघी एकदम म्हणाल्या.

"तुम्ही आधी," सून म्हणाली.

"पाहुण्याने आधी."

सुनेने ताटातला भात बोटांनी गोळा केला, परत पसरला. "मी लग्न करायचं म्हणतेय."

मालकिणीने पेला परत उचलला. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही हे तिला लहानपणापासून जमत होतं. पाणी संपवून तिने पेला खाली ठेवला.

"करतो काय?"

"लिफ्टची दुरुस्ती. शहरभर फिरतो. लिफ्ट बंद पडून आत कुणी अडकलं की त्याला बोलावतात. रात्रीबेरात्रीही जातो."

"म्हणजे अडकलेल्यांना बाहेर काढतो."

"हो."

"तू कुठे अडकली होतीस?"

सुनेने ताटाची कड बोटाने पुसली. "तुम्हाला माहितेय," ती म्हणाली.

माहीत होतं. मालकीणही तिथेच अडकली होती, बोटीवरच्याने मोडून टाकलेल्या संसारात, त्याच दोन मजल्यांच्या मध्ये, आणि तिला कुणी हाका मारत नव्हतं.

"कधी करायचं म्हणता?"

"त्याच्या घरचे विचारतात, तुझ्याकडून कोण. आईबाप माझे लहानपणीच गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, एकजण आहेत. पण त्यांना विचारलेलं नाही अजून." सून खाली बघत होती. "ज्या दिवशी तो घरच्यांना घेऊन आला, त्याच दिवशी सकाळी मी प्रायमरीचं झाकण लावत होते. सगळा वेळ डोक्यात एकच. तुम्हाला कसं विचारू. तुम्ही माझ्याकडून यायचं म्हणजे कोण म्हणून यायचं. पाना हातात होता आणि मी कुठे होते देव जाणे."

"आणि तेल गळत असताना एवढ्या लांब आलीस. वाटेत गॅरेजं नव्हती?"

"होती."

"तुझ्याकडे टॅप नाहीत?"

"आहेत. स्प्रिंगा पण आहेत. बॅगेत आहेत."

मालकीण उठली. ताटं उचलली. नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात बराच वेळ उभी राहिली. ज्या दोन शब्दांसाठी आजचा दिवस तिने चोरून आणला होता ते आता जिभेच्या टोकावर होते, जन्मात पहिल्यांदा इतके जवळ. आणि म्हटले असते तर? पोरीने मान खाली घालून "बरं" म्हटलं असतं. शहर सोडलं असतं, लिफ्टवाल्याला काहीतरी सांगितलं असतं, आणि पडद्याच्या अलीकडे-पलीकडे करत इथेच म्हातारी झाली असती. ती तशीच होती. मालकिणीला आजवर भीती वाटायची की पोरगी नाही म्हणेल. आता कळलं, खरी भीती ती हो म्हणेल ही होती.

"झोप जा," ती नळाकडे तोंड करून म्हणाली. "दमलीस. काय ते नंतर बघू."

सकाळी सून पडदा सारून गॅरेजमध्ये आली तेव्हा टेबलावर पत्र्याची डबी उघडी होती आणि मालकीण चष्मा लावून स्प्रिंगा उजेडात धरून बघत होती.

"दुकान लवकर उघडलं वाटतं," सून म्हणाली.

"उघडलं. बस. पहिलं भोक तुझं, दुसरं माझं. आणि आत चिंधी कोंब आधी, एक कीस जरी चेनीत गेला तरी तुला घालवून देईन."

सुनेने चिंध्या कोंबल्या, ड्रिलच्या टोकाला ग्रीस माखलं म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस त्यालाच चिकटून बाहेर येईल. भोक मोठं झालं. मग टॅप. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, पुढे, मागे. मालकीण तिच्या मनगटाकडे बघत होती. मनगट तेच होतं, कुठेही न अडखळणारं. हे मनगट रोज इथे असावं, या स्टुलाशेजारी, याच उजेडात, यापलीकडे तिला कधी काही नको होतं. तिने बघून घेतलं. पुढे पुरवून पुरवून वापरायला लागणार होतं.

"पितो का?" तिने विचारलं.

"चहा."

"हात कसे आहेत?"

"तुमच्या-माझ्यासारखे. ग्रीस नखांत."

"भांडतो?"

"भांडत नाही. राग आला की दोन दिवस बोलत नाही."

"तू चार दिवस बोलत नाहीस. मग त्या घरात बोलणार कोण, लिफ्ट?"

सुनेच्या हातातला टॅप हसण्याने हलला. "हसू नकोस," मालकीण म्हणाली, "आटे वाकडे पडतील. एकदा पाडलेस तेवढे पुरे."

सुनेने पहिली स्प्रिंग पिळत आत उतरवली, तोंडापासून अर्धा वेढा खाली. स्प्रिंगच्या खालच्या टोकाला आडवी शेपटी असते. ती आत टिचकी देऊन तोडली आणि चिमट्याने काढून मालकिणीच्या तळहातावर ठेवली, कारण ही तुटकी शेपटी आत राहिली तर चेनीला खाते आणि म्हणून ती दुसऱ्याला दाखवायची असते. दुसरी मालकिणीने बसवली. तिची शेपटी सुनेच्या हातावर. मग चिंध्या निघाल्या, सगळं धुतलं, नवं पॅकिंग लागलं, झाकण चढलं. पुठ्ठ्यावरचा एक एक स्क्रू सुनेने उचलला. भोकात ठेवला, डोळे मिटले, उलटा फिरवला.

"बसला?" मालकीण दर वेळी विचारत होती.

"बसला."

नव्या स्प्रिंगच्या दोन भोकांपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. उलटा, अजून उलटा. मग मालकिणीला तिच्या खांद्यावरूनच कळलं, टक् झालं.

तेल भरलं, गाडी सुरू केली, थोडी गरम होऊ दिली. पण प्रायमरी उघडली की गाडीखाली पांढरा कागद अंथरून ती एक रात्र उभी ठेवायची आणि सकाळी कागद बघायचा, हीही नवऱ्याचीच रीत. सुनेने न विचारता कागद अंथरला. म्हणून आणखी एक रात्र मिळाली, आणि ही चोरीची नव्हती. त्या संध्याकाळी लेथवाला जेवायला आला, तिघांनी लिफ्टवाल्याची यथेच्छ टिंगल केली, आणि लग्नाबद्दल मालकीण हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. सुनेने दोनदा तिच्याकडे बघितलं. मालकिणीने दोन्ही वेळा मीठ पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मालकीण गॅरेजमध्ये आली. गुडघे नको म्हणत असताना खाली वाकली, कागद बाहेर ओढला. दाराशी नेऊन उजेडात धरला, उलटून बघितला. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं, त्या दोन स्क्रूंपाशी नख खुपसलं. एक थेंब तरी दिसावा. एक थेंब असता तरी आजचा दिवस झाकण परत उघडावं लागलं असतं. कागद कोरा होता, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या वहीसारखा. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या हाताचा राग आला.

सून बॅग घेऊन आली. कागद बघितला, घडी करून टेबलावर ठेवला. गाडी बाहेर काढली, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि परत आत आली.

"परवा तुम्हालाही काहीतरी सांगायचं होतं," ती म्हणाली. "ते राहिलं."

"गुडघे दुखतात," मालकीण म्हणाली. "तेच सांगायचं होतं."

सून उभीच राहिली. ती उत्तराशिवाय जाणार नाही हे दिसत होतं, आणि विचारणार नाही हेही दिसत होतं. मालकिणीने हात पुसले. पदराला नाही, फडक्याला, नीट, एक एक बोट.

"त्या लिफ्टवाल्याच्या घरच्यांना सांग, मुलीकडून आई येणार आहे. आई कडक आहे म्हणून सांग, खुर्ची चांगली ठेवा. आणि लग्नाआधी त्याला एकदा इकडे पाठव. मला त्याचे हात बघायचेत."

सुनेच्या ओठांना काहीतरी झालं.

"आणि ऐक. हे तुझं माहेर. मुलीला माहेरी यायला निमित्त लागत नाही, इंजिन फोडून यायची काही गरज नव्हती. चांगले आटे घालवलेस फुकट."

"आई," सून म्हणाली. ती दोन पावलं पुढे आली.

"गॅरेजात मालकीण म्हणायचं," मालकीण म्हणाली. "पडदा कुठेय बघ."

पण सून तिच्या गळ्यात पडलेली होती, आणि मालकिणीचे हात, नुकते पुसलेले, स्वच्छ, कुठे ठेवावेत हे न कळून जरा वेळ हवेत राहिले. मग ते पोरीच्या पाठीवर बसले.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. खोकला नाही, कोरडी चेन नाही. मालकीण दारात आली नाही. स्कूटरपुढे स्टुलावर बसून ऐकत राहिली. गल्लीच्या तोंडाशी गिअर बदलला. मग मोठा रस्ता. मग बाकीच्या गाड्यांत तो एक आवाज, मग तो आहे की नाही अशी शंका, आणि शंका गेल्यावरही ती आणखी थोडा वेळ ऐकत बसली.

शेवटी उठली. टेबलावरचा पुठ्ठा उचलला. सगळी भोकं रिकामी होती, एकही स्क्रू मागे राहिला नव्हता. तिने तो भिंतीवर खिळ्याला टांगला, दोन पावलं मागे सरून सरळ आहे का बघितलं. मग फडकं घेतलं आणि पुसला, जरी त्यावर अजून धूळ बसायची होती.